पट्ट्याचे दुसरे टोक कोठे आहे?

संगणकाची पेटी उघडून आतल्या भागांना हात लावण्यापूर्वी काय काळजी घ्यावी, हे सांगणारे साहित्य आज विपुल आहे. मदरबोर्डच्या खोक्यात घडीची पुस्तिका येते. रॅमच्या वेष्टनावर त्रिकोणात हाताचे चित्र काढून त्यावर काट मारलेली असते. संगणकाच्या अभ्यासपुस्तकांत ‘हे करा, हे करू नका’ अशी चौकट असते. ज्यांना वाचण्याचा कंटाळा आहे त्यांच्यासाठी यूट्यूबवर चित्रफितींचा ढीग आहे. आपल्या अकरावी-बारावीच्या विद्यार्थ्यांपैकी ज्यांनी कधी संगणक जोडला असेल, त्यांतले बहुतेक जण याच साहित्यावर शिकलेले असतात.

पाठ्यपुस्तकातील धडा कसा आहे, यावर आपण शिक्षक भरपूर बोलतो. या सूचना-साहित्याचे परीक्षण मात्र कोणी करत नाही. सूचना म्हणजे पाळायची गोष्ट, तिच्यात काय तपासायचे, असा समज त्यामागे असावा. पण विद्यार्थी त्यातून काहीतरी शिकतच असतो, तेव्हा त्यालाही पाठ्यसामग्रीचेच निकष लावायला हवेत. हे निकष दोन आहेत. सांगितलेली गोष्ट बरोबर आहे का? आणि ती का करायची हे शिकणाऱ्याला कळते का? पहिल्या निकषावर हे साहित्य बरेचसे उत्तीर्ण होते. दुसऱ्यावर ते जवळजवळ सरसकट नापास होते, आणि दुसऱ्यातील अपयश शेवटी पहिल्यातही चुका घडवते, असे माझे म्हणणे आहे.

एक गाजलेला नमुना

सप्टेंबर २०१८ मध्ये ‘द व्हर्ज’ या अमेरिकी तंत्रज्ञानविषयक संकेतस्थळाने संगणक स्वतः कसा जोडावा हे शिकवणारी एक चित्रफीत प्रसिद्ध केली. चित्रीकरण सुबक होते, सुटे भाग महागडे होते, सांगणाऱ्याचा आवाज आत्मविश्वासाचा होता. प्रसिद्ध होताच तिच्यावर टीकेचा भडिमार झाला आणि पुढे ती मागे घेण्यात आली. चुका अनेक होत्या. प्रोसेसरवरचा उष्णतावाहक लेप गरजेपेक्षा कितीतरी जास्त लावला होता. आपल्या विषयाच्या दृष्टीने मात्र दोन चुका पाहण्यासारख्या आहेत.

पहिली चूक मनगटपट्ट्याची. स्थितिक विद्युतभारापासून भागांचे रक्षण करण्यासाठी मनगटाला पट्टा बांधावा, असे सांगितले होते आणि निवेदकाच्या हातात पट्टा होताही. पण टीकाकारांनी दाखवून दिले, की तो कशालाच जोडलेला नव्हता. दुसरी चूक पॉवर सप्लायची. तो पेटीत जेथे बसतो तेथे मऊ गाद्या चिकटवलेल्या असतात. पॉवर सप्लायचा पेटीशी संपर्क होऊन शॉर्टसर्किट होऊ नये म्हणून त्या असतात, असे स्पष्टीकरण दिले गेले. वस्तुतः त्या गाद्या पंख्याची थरथर आणि तिचा आवाज पेटीत उतरू नये यासाठी असतात. पॉवर सप्लायचे धातूचे कवच पेटीशी विद्युतदृष्ट्या जोडलेलेच असायला हवे. तीन पिनांपैकी अर्थिंगची पिन त्या कवचाला जोडलेली असते आणि चार स्क्रूंमधून तो संपर्क पुढे पेटीपर्यंत जातो. आत काही बिघाड होऊन धातूला वीजदाब पोहोचलाच, तर तो जमिनीत निघून जावा यासाठी ही व्यवस्था आहे. म्हणजे जी जोडणी आपले रक्षण करते, तिलाच या चित्रफितीने धोका ठरवले होते.

या दोन चुकांचे मूळ एकच आहे. सांगणाऱ्याला कृती ठाऊक होत्या, पण त्यांमागील परिपथ डोळ्यांपुढे नव्हता. पट्टा बांधायचा असतो हे ठाऊक होते; पट्टा ही विद्युतभाराला जाण्याची वाट आहे आणि वाटेला दोन टोके लागतात, हे लक्षात आले नव्हते. आपल्या वर्गातही असे घडते. ‘परीक्षानळीचे तोंड दुसरीकडे धरा’ हे पाठ झालेला विद्यार्थी ते नेमके शेजाऱ्याकडे धरतो.

पुढे काय झाले तेही नोंदवण्याजोगे आहे. यूट्यूबवरील अनेकांनी या चित्रफितीची थट्टा करणाऱ्या चित्रफिती केल्या. फेब्रुवारी २०१९ मध्ये ‘द व्हर्ज’च्या मालक कंपनीकडून, म्हणजे व्हॉक्स मीडियाकडून, त्यांतल्या दोघांविरुद्ध कॉपीराइटची तक्रार केली गेली, त्यावर पुन्हा गदारोळ झाला आणि तक्रार मागे घ्यावी लागली. टीका दडपण्याचा हा प्रयत्न अयोग्यच होता. पण थट्टेच्या बाजूलाही एक उणीव होती. ‘पट्टा जोडलेला नाही’ म्हणून हसणारे पुष्कळ होते. जोडला असता तर नेमके काय झाले असते, हे समजावून सांगणारे थोडे होते. चूक दाखवणे हे शिकवण्याचे निम्मेच काम आहे. उरलेले निम्मे आपण येथे करू.

पट्टा नेमके काय करतो?

दोन भिन्न पदार्थ एकमेकांना लागून वेगळे झाले, की एकावरून दुसऱ्यावर इलेक्ट्रॉन जातात. पॉलिएस्टरचे कपडे, प्लॅस्टिकची खुर्ची, रबरी तळव्याच्या चपला यांमुळे आपल्या शरीरावर असा विद्युतभार साचतो. शरीर हा एक वाहक आणि जमीन हा दुसरा, असे धरले तर आपण स्वतःच एक धारित्र ठरतो. त्याची धारिता साधारण १०० पिकोफॅरड असते. चाचण्यांसाठी माणसाची जी विद्युत-प्रतिकृती वापरतात तीत हाच आकडा घेतात, आणि त्याला जोडून १,५०० ओहमचा रोध धरतात.

बोटातून ठिणगी गेल्याचे आपल्याला जाणवते, तेव्हा विभवांतर सुमारे ३,००० व्होल्ट असते. ऊर्जा काढण्याचे सूत्र बारावीचा विद्यार्थी जाणतोच: धारितेला विभवांतराच्या वर्गाने गुणून निम्मे करायचे. उत्तर ०.४५ मिलिज्यूल येते. माणसाच्या दृष्टीने हे नगण्य आहे. आता चिपच्या बाजूने पाहू. तिच्यातील ट्रान्झिस्टरमध्ये काही नॅनोमीटर जाडीचा विद्युतरोधक थर असतो. सिलिकॉन डायऑक्साइडचा असा थर दर नॅनोमीटरला साधारण एक व्होल्ट इतक्या दाबाला फुटतो. म्हणजे तीन हजार सोडाच, काही दशक व्होल्टही या थरापर्यंत थेट पोहोचले तर ते त्याला पुरून उरतात. १,००० व्होल्टची ठिणगी आपल्याला कळतही नाही. ‘मला तर काही झटका बसला नाही’ हा पुरावा निरुपयोगी ठरतो, तो यामुळे.

पट्ट्याचे काम आता उघड आहे. आपले शरीर आणि संगणकाची पेटी यांना तो एका विभवावर आणतो. विभवांतरच उरले नाही, तर ठिणगीला कारण उरत नाही. तो पेटीच्या रंग न दिलेल्या धातूला चिमट्याने जोडायचा असतो. नुसता मनगटाला बांधलेला पट्टा हा दागिना आहे. बिनतारी म्हणून विकले जाणारे पट्टेही त्याच मापाचे.

चांगल्या पट्ट्याच्या तारेत १० लाख ओहमचा रोध बसवलेला असतो. ही गोष्ट पुस्तिकांत क्वचितच सांगितली जाते, आणि सारे सौंदर्य तर तेथेच आहे. दुर्दैवाने दुसऱ्या हाताचा स्पर्श २३० व्होल्टच्या तारेला झाला, तर या रोधामुळे शरीरातून पट्ट्यावाटे फक्त ०.२३ मिलिअँपिअर प्रवाह जाईल. तो जाणवणारही नाही. साधी तांब्याची तार बांधली असती आणि शरीराचा रोध २,००० ओहम धरला, तर हाच प्रवाह ११५ मिलिअँपिअर झाला असता, आणि तो जीव घेऊ शकतो. मग एवढ्या मोठ्या रोधातून विद्युतभार वाहून जायला वेळ लागणार नाही का? १० लाख ओहम गुणिले १०० पिकोफॅरड, म्हणजे एका सेकंदाचा दहा हजारावा भाग. हात हलवण्याच्या आत काम झालेले असते. म्हणून घरी तार गुंडाळून पट्टा करण्याचा जो ‘जुगाड’ काही जण सुचवतात, तो चिप वाचवील. पण माणसाला धोक्यात घालील.

पट्टा नसेल तर? काम चालू असताना पेटीच्या उघड्या धातूला वारंवार हात लावत राहणे हा त्याला पर्याय आहे. त्याचेही कारण तेच: विभव समान करणे. एकदा हात लावला की दिवसभराची निश्चिंती, असे मात्र नाही. खुर्चीतून उठलात, चार पावले चाललात, की विद्युतभार पुन्हा साचतो.

वायर काढायची की ठेवायची?

आता पुस्तिकांतील एक विसंगती पाहा. काही ठिकाणी लिहिलेले असते, ‘वायर सॉकेटमधून काढून ठेवा.’ काही ठिकाणी लिहिलेले असते, ‘अर्थिंग मिळावे म्हणून वायर लावलेली ठेवा, फक्त बटण बंद करा.’ दोन्ही सूचना वाचलेल्या विद्यार्थ्याने काय करायचे? कारण दिलेले नसल्यामुळे तो नाणे उडवू शकतो, एवढेच.

वायर लावलेली ठेवण्याच्या सल्ल्याला एके काळी काही अर्थ होता. जुन्या संगणकांत पुढचे बटण मुख्य पुरवठाच तोडत असे. १९९५ मध्ये एटीएक्स ही रचना आली आणि चित्र बदलले. या रचनेत पुढचे बटण केवळ इशारा देते. संगणक ‘बंद’ असतानाही मदरबोर्डला ५ व्होल्टचा राखीव पुरवठा चालू राहतो. अशा स्थितीत रॅम काढली-घातली तर ती आणि मदरबोर्ड दोन्ही बिघडू शकतात. मग मागचे छोटे बटण बंद करावे आणि वायर लावलेली ठेवावी, असा मधला मार्ग सांगितला जातो. तो जेथे अर्थिंग खरोखर आहे तेथे ठीक. आपल्याकडे किती सॉकेटांच्या तिसऱ्या भोकात काही जोडलेले असते, हे शाळेच्या प्रयोगशाळेत वायरमनकडून एकदा तपासून घ्यावे.

मुळात येथे जमिनीचा आग्रह धरण्याची गरजच नाही. हात, पेटी आणि हातातला भाग हे तिघे एका विभवावर असले की पुरे; तो विभव पृथ्वीचाच असला पाहिजे असे नाही. तेव्हा वायर काढावी, पुढचे बटण काही सेकंद दाबून ठेवावे म्हणजे मदरबोर्डवरच्या धारित्रांत उरलेला विद्युतभार निघून जाईल, आणि मग स्वतःला पेटीशी जोडून काम करावे. कारण कळले की विसंगती आपोआप सुटते.

धोक्यांचा क्रम

या साहित्यावरील माझा सर्वांत गंभीर आक्षेप प्रमाणाच्या जाणिवेविषयी आहे. स्थितिक विद्युतीवर ओळीमागून ओळी लिहिल्या जातात, आणि पॉवर सप्लाय उघडू नये ही सूचना त्यांच्यामध्येच, त्याच टाइपात, कोठेतरी येते. सगळे धोके एकाच पंक्तीत बसवले की त्यांतला जिवावरचा कोणता आणि खिशावरचा कोणता, हे कळत नाही.

येथेही आकडे बोलतात. २३० व्होल्टचा पुरवठा सरळ करून घेतला की त्याचे शिखरमूल्य सुमारे ३२५ व्होल्ट होते. पॉवर सप्लायमधले मोठे धारित्र त्या दाबाने भरलेले असते. ते ३३० मायक्रोफॅरडचे आहे असे धरू. त्याच सूत्राने ऊर्जा काढली तर ती १७ ज्यूलपेक्षा थोडी अधिक येते. बोटाच्या ठिणगीतील ०.४५ मिलिज्यूलशी तुलना केली तर ही जवळजवळ ३९ हजार पट आहे. वायर काढल्यावरही, धारित्र रिकामे करणारा रोध बिघडला असेल तर, ती तेथे टिकून राहू शकते. ठिणगीने रॅम जाईल. या धारित्राने माणूस जाऊ शकतो. म्हणून विद्यार्थ्यांच्या हाती संगणक देताना एक नियम बिनशर्त असावा: पॉवर सप्लायचे डबडे कोणी उघडायचे नाही. शाळेच्या अडगळीत जुने काचेच्या नळीचे मॉनिटर पडलेले असतात. त्यांत तर हजारो व्होल्टचा भार उरलेला असू शकतो. त्यांनाही हाच नियम.

दुसऱ्या टोकाला यांत्रिक इजा आहे, तिचा उल्लेख फारच थोडा होतो. प्रोसेसरच्या खोबणीतील केसासारख्या बारीक पिना बोट लागून वाकतात. रॅमची पट्टी उलटी धरून दाबली जाते. मदरबोर्डखाली निसटलेला स्क्रू तसाच राहतो आणि विद्युतपुरवठा चालू होताच तो दोन बिंदूंना जोडून देतो. पेटीच्या पत्र्याच्या कडेने बोट कापते. हे सारे टाळायला पट्टा लागत नाही. चांगला उजेड, स्क्रू ठेवायला वाटी आणि सावकाश हात लागतो.

‘स्थितिक विद्युत हे थोतांड’

सूचनांच्या अतिरेकाची प्रतिक्रिया म्हणून उलट बाजूचे मतही आता जोरात ऐकू येते. ‘मी वर्षानुवर्षे पट्ट्याशिवाय काम करतो, काही झालेले नाही.’ रॅमवर मुद्दाम ठिणग्या सोडून ती चालूच राहते असे दाखवणाऱ्या चित्रफितीही आहेत. या मतात तथ्य आहे, ते मान्य केले पाहिजे. चिपच्या बाह्य जोडण्यांवर संरक्षक परिपथ बसवलेले असतात, ते ठिणगीचा प्रवाह बाजूला वळवतात. वर दिलेल्या माणसाच्या प्रतिकृतीतून सोडलेला १,००० व्होल्टचा आघात पुष्कळशा चिप सोसतात. अनेक थरांच्या पट्टीवर बसवलेली चिप ही सुट्या चिपपेक्षा आणखी सुरक्षित असते. कारखान्यातले नियम त्याहून कितीतरी कडक, १०० व्होल्टला नाजूक असणारे भाग हाताळता यावेत या बेताचे असतात. कारण तेथे लाखो सुटे भाग हातांखालून जातात.

तरीही ‘मला काही झाले नाही’ हा युक्तिवाद लंगडाच आहे. जे भाग सहा महिन्यांनी बंद पडले, त्यांचे कारण कोणी शोधत नाही. आघाताने थर पूर्ण न फुटता नुसता कमकुवतही होऊ शकतो, आणि बिघाड पुढे कधीतरी दिसतो. शिवाय हवामानाचा प्रश्न आहे. पुस्तिकांतून फिरणाऱ्या एका तक्त्यात गालिच्यावरून चालल्यास कोरड्या हवेत ३५,००० व्होल्ट आणि दमट हवेत १,५०० व्होल्ट असे आकडे असतात. दमट हवेत पृष्ठभागांवर पाण्याचा अतिसूक्ष्म थर बसतो आणि विद्युतभार त्यावरून निसटतो. आपल्याकडे शाळांत गालिचे नसतात, शहाबादी फरशी असते. मुंबईत जुलैमध्ये काम करणाऱ्याला ठिणगी भेटणारही नाही. पण नागपूर-अकोल्याकडे थंडीच्या कोरड्या दिवसांत स्वेटर काढताना जो चटचट आवाज येतो, तोच विद्युतभार रॅमपर्यंत पोहोचू शकतो. म्हणजे ‘गालिच्यावर उभे राहू नका’ ही सूचना आपल्या मुलांसाठी जशीच्या तशी उतरवून घेणे निरर्थक आहे. ‘स्वेटर काढायचा तर आधी काढा, मग पेटी उघडा’ ही सूचना अर्थपूर्ण आहे. अनुवाद करताना वाक्याबरोबर परिस्थितीचाही अनुवाद करावा लागतो, याचे हे साधे उदाहरण.

आपली स्वतःची एक परंपराही तपासून घ्यावी. रॅम चालेनाशी झाली की तिची सोनेरी टोके खोडरबराने घासण्याची पद्धत आपल्याकडे सर्वत्र आहे. घासल्यावर संगणक सुरू होतो आणि श्रेय खोडरबराला मिळते. पण पट्टी काढून पुन्हा नीट बसवणे हीसुद्धा त्यातलीच एक कृती आहे, आणि अनेकदा संपर्क सुधारतो तो तेवढ्यानेच. खोडरबर सोन्याचा पातळ मुलामा झिजवते, आणि घासण्याने विद्युतभार निर्माण होतो तो वेगळाच. आधी नुसती काढून-घालून पाहावी, मग इतर उपाय. एका वेळी एकच बदल करावा, हा तर प्रयोगाचा पहिला धडा.

चांगले साहित्य कसे असेल?

फार मोठे असण्याची गरज नाही. पहिल्या ओळीत जिवाचा धोका आणि त्यासाठीचा बिनशर्त नियम. मग वायर काढणे, आणि बटण बंद करणे पुरेसे का नाही त्याचे एक वाक्य. मग विभव समान करणे, पट्ट्याने किंवा स्पर्शाने. मग भाग कडेला धरून उचलणे, कारण टोकांना आणि चिपला बोट लागायला नको. विद्युतभार रोखणाऱ्या चंदेरी पिशवीत भाग पूर्ण आत ठेवायचा असतो. पिशवीत धातूचा पातळ थर असल्याने ती अंशतः वाहक असते. तेव्हा तिच्यावर मदरबोर्ड ठेवून तो चालू करू नये. प्रत्येक सूचनेमागे एक ‘कारण’ आणि एक ‘नाही केले तर काय बिघडेल’. एवढे एका पानात मावते.

असे पान छापील मिळेपर्यंत ते वर्गातच तयार करून घेता येईल. बहुतेक शाळांत बंद पडलेला एखादा संगणक धूळ खात असतो. तो कुलपात राहतो, कारण ‘मुलांनी हात लावला तर बिघडेल’ ही भीती. तो तर आधीच बिघडलेला आहे. त्याचा पॉवर सप्लाय स्क्रू सोडवून, न उघडता, बाजूला काढून ठेवावा आणि उरलेला संगणक मुलांपुढे ठेवावा. सोबत मदरबोर्डची कोणतीही एक पुस्तिका द्यावी. सूचना वाचा, प्रत्येकीचे कारण शोधा, जिचे कारण सापडत नाही तिच्यावर खूण करा, असे सांगावे. स्थितिक विद्युत, धारिता, रोध, ओहमचा नियम असे चार धडे या एका पेटीत सापडतील. आणि एखाद्या विद्यार्थ्याने मोठ्या ऐटीत मनगटाला पट्टा बांधलाच, तर त्याला थांबवू नये. त्याचे दुसरे टोक कोठे आहे आणि ते तेथेच का, एवढे मात्र विचारावे.